फाटायच्या आधी सांगा

आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तके कपाटात लावण्याचे काम केलेल्या बाईने निवृत्तीनंतर स्वतःच लिहायला बसावे, हे धाडसच आहे. वाचकांनी त्याबद्दल क्षमा करावी. मंदाविषयी लिहिण्याचा पहिला अधिकार तिच्या नवऱ्याचा, तिच्या माहेरच्यांचा. मी केवळ तिची थोरली जाऊ. पण तिला जाऊन काही आठवडे झाले, तरी मन त्या एका दुपारपाशीच अडून बसले आहे, आणि घरात त्याविषयी कुणी बोलत नाही...

त्या दिवशी सकाळी मोबाइलवर तिच्या आवाजातला निरोप आला. "जाऊबाई, दुपारी दुकानावर या. गिऱ्हाइकाची गाडी आलीय, गेन लावायचाय, तुमचं कान पाहिजेत. आन् येताना मिरचीचं लोनचं आना. आमच्या ह्यांना सांगू नका, डाक्टरनं त्यांचं मीठ तोडलंय, बघत बसतील बिचारे." मग हसणे. मी लोणच्याची बरणी फडक्यात गुंडाळली आणि निघाले. भर दुपारी दुकानाचे शटर अर्धे खाली होते. शेजारचा पंक्चरवाला धावत आला आणि म्हणाला, "वहिनी, आत नका जाऊ, ताईंना दवाखान्यात नेलंय." मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा भावजी बाहेरच्या बाकावर बसले होते. त्यांच्या हातात तिचा छोटा स्क्रूड्रायव्हर होता. "वहिनी, बोलता बोलता ती खाली बसली," ते म्हणाले. "मला वाटलं, स्क्रू पडला म्हणून शोधतीय... मी पण शोधायला लागलो." मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असे डॉक्टरांनी सांगितले. मी बरणी छातीशी धरून तशीच उभी राहिले. डॉक्टरांच्या त्या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मंदा चाकणच्या पलीकडच्या एका गावातून आमच्या रहाटणीच्या घरात आली. लग्नाच्या आधीपासूनच ती कंपनीत नोकरी करत होती. प्रेस शॉपमध्ये, दिवसभर लोखंडी पत्र्यावर आपटणाऱ्या यंत्रांच्या शेजारी उभे राहून तिने कित्येक वर्षे सुटे भाग तपासले. त्या धडधडीने तिच्या एका कानातले बारीक आवाज कायमचे नेले. पुढे नोकरी सोडून दोघांनी गाड्यांच्या सामानाचे दुकान काढले. सीट कव्हर आणि गिऱ्हाईक भावजींकडे. स्टिरिओ, स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि त्यांच्या वायरी मंदाकडे. सांगवीसारख्या ठिकाणी, हळू आवाजात बोलणाऱ्या घरात वाढलेल्या मला तिचा मोठा आवाज सुरुवातीला सोसत नसे, हे खरे. तिलाही माझे बोलणे सोसत नसे. "जाऊबाई, तुमी बोलता का नुस्तं ओठ हलवता?" असे ती चारचौघांत विचारी.

गेन या शब्दाशी माझी ओळख तिनेच करून दिली. ॲम्प्लिफायरवर एक लहानसा स्क्रू असतो, आणि तो पूर्ण फिरवला की आवाज वाढतो, अशी बहुतेकांची समजूत असते. एकदा एक आयटीतला तरुण हट्टच धरून बसला. "ताई, फुल करा ना गेन. पैसे दिलेत ना पूर्ण."

"फुल केल्यावर आवाज वाढत न्हाई भाऊ, फाटतो. मग स्पीकर जळतो. बायकोवर कधी वरडून बगितलंय का? जास्त वरडलं की तिला काय ऐकू येतं का?"

"लग्न व्हायचंय अजून."

"मग आत्ताच शिका." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "जाऊबाई, गेन म्हंजे आवाज न्हाई. गेन म्हंजे कान. स्टिरिओ जेवढं बोलतो तेवढंच ॲम्प्लिफायरनं ऐकायचं असतं. कमी ऐकलं तर गानं मेल्यागत, जास्त ऐकलं तर फाटकं."

तिची रीत ठरलेली होती. सुरुवातीला स्क्रू अगदी कमीवर, बास वाढवणारी बटणे बंद, स्टिरिओचा आवाज पाऊण. आणि गिऱ्हाइकाला रोज ऐकायचे असेल तेच गाणे. मीटर लावून झाला तरी शेवटचा निवाडा ती कानावर सोपवी, आणि तिचा कान दगा देत असल्यामुळे तो माझा असे. मी पुढच्या सीटवर डोळे मिटून बसायचे, तिने डिकीत वाकून स्क्रू सावकाश फिरवायचा, आणि आवाज ताणला जातो आहे असे वाटले की मी ओरडायचे: थांब! पहिल्या वेळी मी संकोचाने गप्प राहिले, आणि गाणे चरचरले. "फाटल्यावर सांगून काय उपेग? फाटायच्या आधी सांगा." आधी कसे कळणार, असे मी विचारले. "कळतं. गानाऱ्या बाईचा दम कोंडल्यागत होतो. तेवढंच ऐकायचं."

पुढच्या गाडीला मी ओरडले. सारा जन्म वाचनालयात 'शांतता राखा' या पाटीखाली काढलेली मी, भर रस्त्यावर, गाडीच्या खिडकीतून ओरडले. डिकीमागून ती टाळ्या वाजवत आली. "आईशप्पत, जाऊबाई वरडल्या! अहो, बगा तरी, वहिनी वरडल्या!" मग तिने स्क्रू उलटा किंचित मागे घेतला आणि पर्समधून लाल नेलपॉलिश काढून त्याच्या खाचेवर एक ठिपका दिला. प्रत्येक गाडीला ती असेच करी. "आता कुनी हात लावला तर रंग तुटंल. मला लगेच कळंल."

त्या दिवसानंतर मला घरातही थांब म्हणता येऊ लागले. नवऱ्याला, मुलांना, एकदा तर बँकेतल्या साहेबांनाही. उतारवयात मी गाडी चालवायला शिकले, तेही तिच्याच टोमण्यांनी. त्या गाडीतली गाण्यांची सारी व्यवस्था तिने बसवली.

ती शेवटची गाडी भावजींनी गेन न लावताच परत पाठवली.

आता मी कधी कधी पार्किंगमध्ये माझ्या गाडीत जाऊन बसते. काचा वर घेते, मोबाइल स्टिरिओला जोडते, आवाज पाऊण करते आणि तिचा तो निरोप लावते. तिने शिकवले तसे डोळे मिटते. दुपारी या... कान पाहिजेत... लोनचं आना... मी शब्द ऐकत नाही. दम कुठे कोंडतो आहे का, तेवढेच ऐकते. जिथे मी थांब म्हणायला हवे होते, अशी एखादी जागा त्यात असलीच पाहिजे, असे मला वाटत राहते. पण तिचा आवाज पहिल्यापासून शेवटच्या हसण्यापर्यंत स्वच्छ आहे. एकदा मी खाली वाकून सीटखालचा ॲम्प्लिफायरही पाहिला. स्क्रूवरचा लाल ठिपका अखंड आहे. त्याला कुणी हात लावलेला नाही.

फाटायच्या आधी माणसाच्या आवाजात खरेच काही ऐकू येते का? तुमच्यापैकी कुणी ते ऐकले आहे का?