मांडवाखालच्या बाया

चौऱ्याण्णव साली आमच्या घरात वाटणी झाली. जमीन, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, तांब्या-पितळेची भांडी असं सगळं वाटून झाल्यावर फोटोंचे दोन अल्बम उरले. पिंपळगाव बसवंतजवळच्या आमच्या घराच्या ओट्यावर माझे वडील आणि काका समोरासमोर बसले होते. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. मध्ये बसलेले एक नातेवाईक अल्बममधून फोटो सोडवत होते आणि पत्ते वाटावेत तसे एक इकडे, एक तिकडे ठेवत होते. कोणत्या फोटोत कोण आहे हे कुणी पाहिलं नाही. त्यामुळे माझ्या बारशाचे फोटो काकांकडे गेले आणि काकांच्या लग्नातले तीन आमच्याकडे आले. नंतर परत मागायला कुणी गेलं नाही.

काकांची मुलगी माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी लहान. आम्ही दोघी पिंपळगावच्या शाळेत एकाच बाकावर बसायचो. वाटणीनंतर घराच्या आणि अंगणाच्या मधोमध भिंत आली आणि आमचं बोलणं थांबलं. भांडण आमचं नव्हतं, पण बोलायला आधी कुणी जायचं हे दोघींनाही ठरवता आलं नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. मी माहेरी आलेले होते. आईबरोबर आतल्या खोलीत बसून मी भिंतीपलीकडचा बँड ऐकला. मग ती नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. मी नाशिकला विमा कार्यालयात नोकरी करत होते, माझा संसार तिथेच.

दोन हजार सातची दिवाळी झाल्यावर मला तिचा मेल आला. पत्ता शाळेतल्या एका मैत्रिणीकडून मिळवला होता. रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं, आणि 'कशी आहेस' वगैरे काही नाही. सरळ कामाचं होतं. तिला एक साइट सापडली होती. तिच्यावर फोटो, छोटे व्हिडिओ आणि गाणी चढवून त्यांची गोष्ट बनवता यायची. ज्यांना आमंत्रण द्याल ते सगळे आपापल्या घरून त्याच गोष्टीत भर घालू शकायचे. प्रत्येक फोटोखाली लिहायला जागा होती, आणि माइक असेल तर त्या फोटोबद्दल बोलताही यायचं. तिला आमच्या द्राक्षबागेची गोष्ट करायची होती. आमच्या गावातली ती पहिली बाग. 'अर्धे फोटो तुमच्याकडे आहेत,' असं तिनं शेवटी लिहिलं होतं.

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी माहेरी जाऊन, मुलांना शाळेत दाखवायला हवेत असं सांगून फोटोंची पिशवी घेऊन आले. मेनरोडजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात ते स्कॅन करून घेतले. घरी नवीन ब्रॉडबँड होतं, तरी एक फोटो चढायला पाच-सात मिनिटं लागायची. मी सकाळी सहाला कुकर लावून संगणकासमोर बसायचे. तिच्याकडे तेव्हा संध्याकाळ असायची. मी एक फोटो टाकला की थोड्या वेळानं त्याच्या शेजारी तिचा एक फोटो यायचा. कधी तो त्याच दिवशी, त्याच ठिकाणी काढलेला असायचा. एकात दादा द्राक्षवेलींच्या मांडवाच्या तारा ओढताना, दुसऱ्यात त्याच तारेचं दुसरं टोक धरलेले काका. असं झालं की आम्ही दोघीही खाली काही लिहायचो नाही.

पार्श्वसंगीताला तिनं साइटवरचा पियानो लावला होता. मी लिहिलं, लग्नाच्या कॅसेटसारखं वाटतं. तिनं लिहिलं, मग तू दे काहीतरी. बागेत तेव्हा विरळणी चालली होती. मी एका रविवारी गेले आणि घडांमधले जास्तीचे मणी कापणाऱ्या बायकांच्या कात्र्यांचा आवाज कॅमेऱ्यात भरून आणला. मध्येमध्ये त्यांचं गुणगुणणं होतं, कुणी कुणाला पाणी मागत होतं. तिनं पियानो काढून तो आवाज लावला.

इथवर सगळं नीट चाललं होतं. बिनसलं ते आवाज देताना.

एका फोटोला एकच आवाज जोडता यायचा. दुसरं कुणी बोललं की पहिलं पुसलं जायचं. सुरुवातीच्या फोटोत नुसता रिकामा मांडव होता. त्यावर तिनं म्हटलं होतं, "ही बाग आमच्या आजोबांनी आणि माझ्या वडिलांनी लावली." मी ते ऐकलं, माइक लावला आणि तिच्या आवाजावर माझा आवाज दिला. "ही बाग आमच्या आजोबांनी आणि माझ्या वडिलांनी लावली." शब्द तेच होते, वडील वेगळे. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर तिचा आवाज परत आला होता. मी पुन्हा माझा दिला. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन वाजला.

"तू माझा आवाज पुसलास," ती म्हणाली. तेरा वर्षांनी ती माझ्याशी बोलली ते हे.

"तूही माझा पुसलास."

"मी नंतर पुसला."

"तुझ्या वाक्यात माझे वडील नव्हते."

"तुझ्या वाक्यात माझे तरी कुठे होते?"

मी म्हटलं, "आम्हाला घरी असंच सांगितलंय."

"आम्हालाही."

मग आम्ही दोघींनी लहानपणापासून काय काय ऐकलं ते एकमेकींना सांगितलं. आमच्या घरात असं होतं की काकांना शेतीत कधी रस नव्हता, ते फक्त माल विकायला पुढे असायचे. त्यांच्या घरात असं होतं की दादा हिशेबी, मेहनत सगळी धाकट्याची. दादांना विचारलं तर ते स्वतःचं नाव सांगणार, काकांना विचारलं तर ते स्वतःचं, हे उघड होतं.

"मावशीला विचार ना," ती म्हणाली.

मावशी म्हणजे आमच्या बागेत हंगामाला येणारी बाई. हरसूलकडच्या एका पाड्यावरची. ती बागेतल्या शेडमध्ये राहायची आणि आम्हा दोघींना तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. गुडघे गेल्यावर तिचं येणं बंद झालं होतं. जानेवारीत मी एक दिवस रजा काढली, हरसूलच्या बाजाराचा वार बघून एसटीनं गेले. पाडा शोधावा लागेल असं वाटलं होतं, पण मावशी बाजारातच भेटली. पुढ्यात नागलीची, म्हणजे नाचणीची, रास घेऊन बसली होती. मला पाहून तिनं डोळे बारीक केले.

"थोरल्याची का धाकल्याची तू?"

"थोरल्याची."

"मंग बस."

मी तिच्याशेजारी पोत्यावर बसले. जुन्या फोटोंच्या प्रती बरोबर नेल्या होत्या, त्या तिच्या हातात दिल्या आणि कॅमेरा सुरू केला. त्यात तीन मिनिटांचाच व्हिडिओ मावायचा. त्यातलं पहिलं मिनिट गिऱ्हाइकाला नागली मोजून देण्यात गेलं. मग तिनं एक फोटो वर उचलला. हा काकांच्या वाट्याला गेलेला. मांडवाखाली पाच बायका ओळीनं बसल्या आहेत, डोक्यावर पदर, पुढ्यात पाट्या. चुलत बहिणीनं त्याखाली लिहिलं होतं, 'बागेत काम करणाऱ्या मजूर बायका.'

"ही मी," मावशी म्हणाली. "ही माझी जाऊ. ह्या दोघी पेठकडच्या. आन ही आत्या."

"कुणाची आत्या?"

"तुझ्या बापाची. धाकल्याची बी. तिनंच लावली ना बाग."

मावशीला माझा चेहरा बघून नवल वाटलं असावं.

"तुला ठावं नाय? नवरा मेला, मंग ती माहेरी आली. तुझा बाप तवा साळंत जायचा. धाकला लय बारका, कच्चे घड तोडायचा म्हनून आत्या त्याला हाकलायची. तुझा आजा कांदाच लावू म्हनायचा. आत्या त्याच्याशी भांडली आन पाटल्या मोडून तारा आणल्या."

"मग ती मजुरांत का बसलीये?"

"आमच्यासंगं भाकर खायाची ती. कामबी संगंच करायची."

इथे कॅमेरा बंद पडला, जागा संपली होती. पुढचं मी नुसतं ऐकलं. आत्या माझ्या जन्माच्या आधीच गेली होती. घरात तिचा फोटो नव्हता, म्हणजे होता, पण तो तिचा आहे हे सांगणारं कुणी नव्हतं.

तो व्हिडिओ चढवायला पुढचा अख्खा रविवार गेला. दोनदा वीज गेली, दोनदा पहिल्यापासून करावं लागलं. संध्याकाळी तो चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साइट उघडली तेव्हा फोटोखालचं 'मजूर बायका' तिनं काढून टाकलं होतं आणि डावीकडून पाचही जणींची ओळख लिहिली होती. खाली माझ्यासाठी दोन ओळी होत्या. 'मी तिला मजूर लिहिलं. निफाडला आपण दोघींनी एकाच पेननं सह्या केल्या, आठवतं?'

मला आठवत होतं. वाटणीच्या वेळी आम्हा दोघींना हक्कसोडपत्रावर सही करायला निफाडला नेलं होतं. जमिनीवर आमचा हक्क नाही, भावांचा आहे, असं लिहून द्यायचं. एका बाकावर दोन टोकांना बसलो होतो. तिची सही झाल्यावर कारकुनानं तेच पेन माझ्याकडे दिलं. त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सगळ्याच मुली सह्या करतात, तशी केली. आता ते वाचलं त्या दिवशी मी ऑफिसला पाऊण तास उशिरा पोचले.

पुढच्या आठवड्यात मी लॅपटॉप घेऊन माहेरी गेले. तो नवऱ्याच्या ऑफिसचा होता. दादांना मावशीचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

"खरंय ती सांगते ते," ते म्हणाले.

"मग आम्हाला कधी सांगितलं का नाही?"

"बाग कुणाची, हेच सगळे विचारायचे. लावली कुणी, हे कुणी विचारलं?"

मी माइक पुढे केला. दादा आधी नको म्हणाले, मग बोलले. आत्यानं ओझरहून द्राक्षाच्या काड्या बैलगाडीत घालून आणल्या, त्या ओल्या गोणपाटात होत्या, वाटेत दोनदा थांबून तिनं त्यांवर पाणी मारलं. बाग उभी राहिल्यावर आजोबांनी हक्क सोडल्याच्या कागदावर तिचा अंगठा घेतला. पुढे तंटा नको म्हणून. तिनं दिला. बोलून झाल्यावर दादांनी विचारलं, "हे तिकडे ऐकू जाईल?"

"अमेरिकेत ना? जाईल."

"अमेरिकेत जाईलच. शेजारी जाईल का?"

शेजारी गेलं. चुलत भावाकडे संगणक होता, त्यालाही आमंत्रण होतंच. चार दिवसांनी काकांचा आवाज आला. त्यांनी जवळजवळ तेच सांगितलं होतं, फक्त त्यांच्या मते काड्या बैलगाडीतून नाही, ट्रकमधून आल्या होत्या. आम्ही दोघींनी फोनवर ठरवलं की दोन्ही ठेवायचे. आत्याचा फोटो दोनदा घ्यायचा, एकदा दादांच्या आवाजावर, एकदा काकांच्या. रिकाम्या मांडवावर आम्ही दोघींचाही आवाज दिला नाही. तिथे नुसत्या कात्र्या ठेवल्या. सगळी गोष्ट मिळून अकरा मिनिटांची झाली.

गुढीपाडव्याच्या दिवशी दोन्ही घरांनी ती आपापल्या खोलीत बसून पाहिली. दुपारी आईचा फोन आला. आवाज घाबरलेला होता.

"भांडतायत गं दोघं. अंगणातल्या भिंतीपाशी उभे राहून."

"कशावरून?"

"बैलगाडी होती का ट्रक होता यावरून."

"किती वेळ झाला?"

"तास झाला असेल."

मी तिला म्हटलं, चहा नेऊन दे. तिनं दोघांनाही नेला, एक कप भिंतीवरून पलीकडे दिला.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. पाण्याच्या पाळ्यांवरून कुरबुरी राहिल्या आणि भिंतही राहिली. पण चुलत भावाच्या लग्नात आम्ही सगळे जेवलो. त्याच वर्षी डिसेंबरात चुलत बहीण आली, तेव्हा आम्ही दोघी मिळून हरसूलला गेलो. मावशीनं लॅपटॉपवर स्वतःला बोलताना पाहिलं आणि आपला आवाज फार चिरका आहे असं म्हणाली. आत्याचा फोटो मोठा करून नेला होता, तो तिनं ठेवून घेतला.

दोन वर्षांनी साइटवाल्यांचा मेल आला. साइट बंद होणार होती, महिन्याची मुदत होती. फोटो आणि व्हिडिओ उतरवून घेता येत होते, फोटोंना दिलेले आवाज येत नव्हते. कुणाकुणाला विचारून पाहिलं, जमलं नाही. दादांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. शेवटी आम्ही सगळं ऐकून कागदावर उतरवायचं ठरवलं. काकांचं तिनं घेतलं, दादांचं मी. महिनाभर सकाळी एकेक वाक्य थांबवून लिहीत होते. मग दोघींनी एकमेकींचं तपासलं. माझ्या पानांवर दोन ठिकाणी मी 'खोकला' असं लिहिलं होतं.

"हे कशाला लिहिलंस?" तिनं फोनवर विचारलं.

"तिथे ते खोकतात म्हणून."

"बरं, असू दे," ती म्हणाली, आणि आम्ही पुढच्या पानावर गेलो.