मास्तरांनी हलवलेला धोंडा

टेलरमास्तरांच्या अंगात बळ म्हणाल तर सुईत दोरा ओवण्यापुरतं, आणि आता तेही चष्म्याच्या भरवशावर. पण सातव्या वर्षी त्यांनी टेकडीवरचा हत्तीएवढा धोंडा एका हाताने हलवला होता. दुकानात मापाला उभ्या राहिलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हे ऐकावंच लागे. अंगाभोवती टेप आवळलेली असताना माणूस पळणार कुठे?

यंदा मुलाने कात्री आपल्या हातात घेतली आणि बापाला काजं-बटणांवर बसवलं. "बाबा, त्या पँटचे दोन पाय दोन उंचीचे झाले," एवढंच तो म्हणाला. मास्तरांनी मान डोलावली. खोटं कशाला बोला, पाय झालेच होते तसे. आता गिऱ्हाईक लंगडं नव्हतं, हे मास्तरांचं नशीब. कात्री गेली. पराक्रम म्हणून पदरात उरला तो धोंडा, आणि त्यावर बायकोचा काडीचा विश्वास नव्हता.

"घरातलं कपाट सरकवायला शेजाऱ्याला हाक मारता, आणि म्हणे धोंडा हलवला!"

"अगं, तो तोललेला आहे. ढकलायची जागा माहीत पाहिजे. ती वडिलांनी मला एकट्याला दाखवली."

"मग मलाही दाखवा. नाहीतर यापुढे तोंड मिटून बटणं लावा."

आता माघार घेतली असती तर घरात तोंड दाखवायला जागा उरली नसती. मास्तरांनी साक्षीला थोरल्या बहिणीला, अक्काला, बरोबर घेतलं आणि तिघं टेकडी चढू लागली. बायकोचे गुडघे कुरकुरत होते, ती मागे राहिली. बहीणभाऊ आधी पोचले.

धोंडा होता तसाच होता, उघड्या कातळावर पोट टेकून बसलेला. मास्तरांनी खुणेची खाच शोधली. तेव्हा छातीशी असलेली खाच आता मांडीशी आली होती. ते वाकले, ढकलू लागले. आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी, मग पाठ लावून. हलली ती फक्त कंबर.

अक्का फिसकन हसली. "अरे, जागा ती नाहीच. इकडे, पलीकडच्या अंगाला. वडिलांनी मला एकटीला दाखवली होती. मी तर एका बोटाने हलवला!"

"तू?"

अक्काने बोट लावलं. मग पंजा लावला. मग आईबापांना न शोभणारी एक शिवी लावली. धोंडा ढिम्म.

दोघं हातवारे करून भांडली. तुझी जागा खोटी, तुझीच खोटी. शेवटी मास्तर दम खायला थांबले. "तू ढकलत होतीस तेव्हा वडील कुठे होते?"

"वर बसले होते. देखरेख करायला. आणि तुझ्या वेळी?"

"वरच."

दोघांनी वर बघितलं. वडील म्हणजे गावातला सगळ्यात अवजड माणूस. ते बसायला आले की खुर्च्या घाबरायच्या. वर बसून जरा इकडे कलले की धोंडा इकडे, जरा तिकडे कलले की तिकडे.

"मेल्या," अक्का पोट धरून हसत म्हणाली, "जन्मभर बापाच्या बुडाची फुशारकी मिरवलीस!"

मास्तरही हसले. काय करतील? अर्ध्या गावाच्या सदऱ्यांत त्यांनी ती फुशारकी शिवून ठेवली होती, आता उसवायची कुठून?

तेवढ्यात खालून धापा ऐकू आल्या. "हलला का हो?"

"अक्का, वर चढ," मास्तर कुजबुजले. "लवकर."

अक्काने बापाचं अंग घेतलं होतं, मास्तरांनी नुसतं आडनाव. मागच्या उतरत्या अंगाने एकमेकांना रेटत दोघं वर जाऊन बसली. बायको पोचली, तिने कमरेवर हात ठेवले.

"हे काय? वर कशाला चढलात?"

"तुला नीट सांगता यावं म्हणून. ती खाच दिसते? तिथे हात लाव. हं, ढकल."

बायकोने नाक मुरडत तळवा टेकवला. वर अक्का कलली, मास्तर तिच्या अंगावर कलले. खालून घर्रर्र आवाज आला आणि धोंडा वीतभर डुलला. बायको किंचाळून मागे सरली. तिने आपला तळवा उलटसुलट करून पाहिला.

"अगंबाई! म्हणजे तुम्ही खरं सांगत होता!"

मास्तरांचा ऊर भरून येणार, तोच ती पुढे म्हणाली, "पण यात मोठं काय केलंत? इतका हलका! हा तर कुणीही हलवेल."

अक्काने त्यांना कोपर मारलं. "सांग की तिला."

मास्तरांनी तोंड उघडलं. खाली बायको पदर खोचून, लहान पोरीसारखी दुसऱ्यांदा पवित्रा घेत होती.

"उतरू नका हं. यावेळी एका बोटाने बघते."

मास्तरांनी तोंड मिटलं. "सरक," ते अक्काला म्हणाले, आणि दोघं बूड सरकवून तयार झाली.