बेस कुठे करायचा?

किल्ले बघायला भोरमधून निघायचं आणि मुक्काम मात्र त्याच किल्ल्यांना वळसा घालून पानशेतच्या पाण्याकाठी करायचा, ही अक्कल आमच्या घराण्यात कधी नव्हती. ती यंदा म्युनिकहून आली.

आमची मुलगी मुक्ता आणि जावई निखिलराव तिकडे राहतात. दर हिवाळ्यात गाडी घेऊन आल्प्समध्ये जातात आणि स्कीइंग करतात, म्हणजे पायाला लांबलचक पट्ट्या बांधून बर्फावरून घसरतात. एकाच डोंगरावर घसरून यांचं भागत नाही, रोज नवा डोंगर लागतो. मग मधल्या कुठल्यातरी गावात खोली घ्यायची आणि तिथून रोज सकाळी गाडी काढायची, आज इकडे, उद्या तिकडे. त्या मधल्या गावाला म्हणायचं बेस. "बेस चुकला की सुट्टी गेली," हे निखिलरावांचं तत्त्वज्ञान. त्यापायी ही दोघं महिना महिना लॅपटॉपपुढे बसतात. आमच्याकडे मुलगी बघायला लोक इतका वेळ घेत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी आम्हा म्हाताऱ्यांनाही नेलं होतं. बेस असा शोधला होता की तिथून सगळे बर्फाचे उतार सारखेच जवळ, म्हणजे सारखेच लांब. सकाळी बूट, काठ्या, पट्ट्या गाडीत कोंबायच्या, चाकांना साखळ्या बांधायच्या की नाही यावर नवराबायकोने भांडायचं, आणि पोहोचावं तर पार्किंग भरलेलं. मग ती दोघं तारेवरच्या पाळण्यात बसून वर जायची. मी आणि माझी बायको शैला खाली हॉटेलात बेचव सूप पीत काचेतून बघत बसायचो. एकदा तिने विचारलं होतं, "घसरायचं नाही, नुसतं पाळण्यातून वर जाऊन येता येतं का हो?" त्या दिवशी वाऱ्यामुळे पाळणे बंद होते. दुसऱ्या दिवशी बेसवरून आम्ही दुसऱ्याच डोंगराकडे गेलो, आणि तो विषय राहूनच गेला.

यंदा ती दोघं चार दिवस भोरला आली. शैलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. त्याआधी तिला एकदा गडावर जायचं होतं. कुठल्याही चालेल, म्हणाली. गच्चीवर कपडे वाळत घालताना तिला समोर रोहिडा दिसतो. पण ती एकही गड चढलेली नाही.

"रायरेश्वर जवळ आहे ना?" ती म्हणाली. "गाडी पुष्कळ वर जाते म्हणे."

"आई, रायरेश्वर आपल्या क्लस्टरमध्ये बसत नाही," निखिलराव म्हणाले. क्लस्टर म्हणजे राजगड, तोरणा आणि पानशेतचं धरण. याला मधलं म्हणून त्यांनी जांभळखोल नावाच्या गावातलं कुठलंसं रिसॉर्ट बेस म्हणून पक्कंही केलं होतं.

"आणि हे घर?" मी विचारलं. "इथून जा, इथे परत या."

"बाबा, घर म्हणजे काही बेस नव्हे," मुक्ता म्हणाली. "घरी राहिलं की सुट्टी वाटत नाही."

हे मला लागलं. आदल्याच आठवड्यात मी त्यांच्या खोलीला रंग देऊन घेतला होता. मी बॅग उचलून गाडीत ठेवली.

नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो. मार्गासनीला मी म्हणालो, "इथून आत वळलं की राजगड." निखिलराव म्हणाले, "नंतर, बाबा. आधी चेक-इन." थोडं पुढे गेल्यावर तोरणा समोर दिसायला लागला. त्यालाही नंतर. पाबे घाट चढलो, उतरलो, पानशेतच्या रस्त्याला लागलो. जे दोन गड बघायचे होते ते दोन्ही मागे टाकून आम्ही बेस शोधायला चाललो होतो.

पानशेतच्या पुढे पाट्यांचं रान माजलंय. कुठे मिनी स्वित्झर्लंड, कुठे स्विस टेंट, आणि खाली लिहिलेलं, चुलीवरचं मटण. एका फाटकावर प्लास्टिकची सूचिपर्णी झाडं लावली होती आणि त्यांच्या मागे शेजारच्याची खरी आंब्याची झाडं उभी होती. पुण्याची माणसं आंब्याला पाठ करून प्लास्टिकबरोबर फोटो काढत होती.

जांभळखोलला पोहोचलो तर रिसॉर्टचा पत्ता नाही. निखिलरावांनी तिथल्या माणसाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"साहेब, म्या सकाळीच सांगितलंय, पाण्याच्या अलीकडं या."

"आम्ही अलीकडेच आहोत!"

"न्हाई. म्या फाटकात हुबा हाय. कुनीबी न्हाई हितं."

काठावर एक आजी म्हशींना पाणी पाजत होत्या. त्या बराच वेळ ऐकत होत्या. त्यांनी पाण्यापलीकडे बोट दाखवलं. "तो बगा. निळ्या पत्र्यापाशी हात हालवतोय त्योच."

"पण तो अलीकडे म्हणाला!" निखिलराव म्हणाले.

"तो तितनं बोलतोय न्हवं? मंग त्याचं अलीकडं त्ये आपलं पलीकडं." आजींना हसू आवरेना. "जांभळखोली दोन हायती. ह्ये खुर्द, त्ये बुद्रुक. मंदी धरनाचं पानी. पयली तरीची होडी हुती, आता ती बी न्हाई. आन् असती तरी मोटार कशी न्येनार?"

मोबाईलवर दोन्ही गावांच्या मधोमध एकच लाल टाचणी टोचलेली होती. म्हणजे त्यांचा बेस पाण्यात होता. खुर्द-बुद्रुक हे शब्द इथल्या शेंबड्या पोराला कळतात; आल्प्समधल्या दऱ्याखोऱ्या पाठ असलेल्या आमच्या जावयांना त्यांचा अर्थ मला सांगावा लागला. सांगताना मला आनंद झाला नाही असं म्हणणार नाही. धरणाला वळसा घालून पलीकडे पोहोचेपर्यंत दुपार गेली आणि त्या दिवशीचा गडही गेला.

रिसॉर्टबद्दल काय सांगावं? पोहायचा तलाव म्हणून एक हौद, त्यात डझनभर माणसं उभी. उभीच, कारण पोहायला जागा नव्हती. संध्याकाळी माइकवरून गाणी. नाश्त्याला गार पोहे आणि त्याहून गार इडली. शैलाने कुठेच नाक मुरडलं नाही. ती आपली गुडघ्याला मलम चोळत होती आणि उद्या राजगड म्हणून खूश होती.

दुसरा दिवस रविवार. धरणाजवळ पुण्याहून आलेल्या गाड्यांची रांग, घाटात दुसरी. राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. शैला काठी टेकत झाडी संपेपर्यंत चढली. पुढची वाट बघितली, आणि एका दगडावर बसली.

"तुम्ही जा," ती पोरांना म्हणाली. "तुमची तरी सुट्टी वाया नको."

ती दोघं गेली! मी तिला धरून खाली आणलं. लिंबू सरबत घेतलं. ती वर बघत बसली, मला आल्प्समधलं ते सूप आठवलं आणि संताप संताप झाला.

तिसऱ्या दिवशी तोरणा. वेल्ह्यात ती गाडीतून उतरलीच नाही. म्हणाली, "हा तर राजगडाहून उंच. उगाच कशाला?" संध्याकाळी जेवताना निखिलरावांनी शेवटच्या दिवसाचा बेत मांडला: बेसजवळच काहीतरी करू, वॉटर स्पोर्ट्स वगैरे.

"मला घरी सोडा," शैला म्हणाली.

सकाळी तिची बॅग सगळ्यांच्या आधी गाडीत. पाबे घाट, नसरापूर, कापूरव्होळ ओलांडलं. भोर आलं तशी मुक्ताने गाडी आमच्या गल्लीकडे वळवली.

"वळू नकोस," शैला म्हणाली. "आंबवड्याच्या रस्त्याने सरळ चल. घर कुठे पळून जात नाही."

आंबवडे मागे पडलं, कोर्ले आलं, आणि गाडी घाटाने वर चढतच राहिली. रस्ता संपला तिथे थोडी पायवाट आणि मग कड्याला लावलेली लोखंडी शिडी. शैलाने पदर खोचला. तिच्यामागे निखिलराव चढले, एकेका पायरीवर तिची टाच धरून. "आई, उजवा. थांबा. आता डावा." एवढं मात्र त्यांना जमलं, हे कबूल करायला हवं.

वर रायरेश्वराचं सपाट पठार, वाळलेलं सोनेरी गवत आणि असा वारा की बोलणं ऐकू येईना. शैला देवळात गेली, बाहेर आली, कड्याच्या बाजूला उभी राहिली आणि तोंडाला पदर लावून रडली. मग मोठ्याने हसली. "अहो, तो बघा रोहिडा! केवढासा दिसतोय!"

वरती काही घरं आहेत. त्यातल्या एका घरी पिठलं-भाकरी मिळाली. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुठनं आला तुमी?"

"भोरचे आम्ही," शैला म्हणाली. "पण आत्ता पानशेतवरून आलो."

"भोरनं हितं यायला पानशेतला कशाला गेलता?"

निखिलराव खाली मान घालून पिठलं खात होते. मुक्ता हसत होती.

संध्याकाळच्या उजेडात घरी पोहोचलो. दाराचं कुलूप काढता काढता मुक्ता म्हणाली, "बाबा, चुकलंच आमचं. पुढच्या वेळी बेस इथेच."

चार दिवस ज्याची वाट बघितली ते वाक्य एकदाचं ऐकायला मिळालं. मी जोरात म्हणालो, "मी पहिल्या दिवसापासून तेच सांगत होतो!"

शैला पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होती. ती जावयाकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली,

"मी तर लग्न होऊन आले तेव्हापासून बेसवरच आहे. वर न्यायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच."

चार दिवस मी जावयाला नावं ठेवत होतो. मी पायरीवर तिच्या शेजारी बसलो आणि तिच्या दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती.