हातमोजे

गल्लीत एसटीडी बूथ आले तेव्हाची गोष्ट. आमच्या यांचे पाय ताठत चाललेले. डॉक्टर म्हणाले, "डाळीत विषारी बी मिसळलंय का, कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या."

तिथल्या बाईचं नाव विचारायचं राहिलंच. हातमोजे घातल्याशिवाय ती कशाला शिवायची नाही. डाळीचा अर्क आणि त्या बीच्या विषाचा थेंब तिनं एकाच कागदावर शेजारी लावले, आणि कागदाचं खालचं टोक द्रवात बुडवून तो उभा केला. म्हणाली, "सारखे दिसणारे पदार्थ वेगवेगळ्या उंचीला चढतात. तोच पदार्थ असला, तर त्याच उंचीला."

डाग दिसायचं औषध फवारलं, तर कागदभर जांभळे डाग. "एवढं विष?" मी विचारलं.

"विष नाही, अम्मा. तुम्ही मघाशी हात लावला ना, तो घाम. कागद वाया गेला."

दुसऱ्या वेळी मी हात पदरात गुंडाळून बसले. विषाशेजारी, अगदी त्याच उंचीला, आमच्या डाळीचा डाग उठला.

"आजपासून ही डाळ नको," म्हणाली, आणि हातमोजे काढून तिनं माझा ओला हात धरला.