डोळे मिचकावा

मावशीसमोर कुणी गुपचूप येऊन उभं राहिलं, की ती म्हणायची, "बटन आलं." आपलं नाव न सांगणारा प्रत्येक माणूस तिच्या लेखी बटन. हा शब्द तिला मोबाईलनं दिला होता. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज बँकेच्या ॲपमध्ये शिरला, की बोट फिरेल तिथे नुसतं "बटण, बटण, बटण" म्हणायचा. कशाचं बटण, हे ॲप बनवणाऱ्यांनी लिहिलेलंच नव्हतं. डोळस लोकांना अशी कोऱ्या पाट्यांची बँक दिली असती, तर एव्हाना काचा फुटल्या असत्या.

मावशी अमरावतीत देवळाजवळ गजरे विकायची. जन्मापासून तिचे डोळे मिटलेले. "तुम्ही वासावरूनच फुलं ओळखत असाल ना?" गिऱ्हाईक कौतुकानं विचारायचं. "मले बारा मयने सर्दी असते," ती सांगायची. "गजरा घेता का?"

मी अपंगांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एका छोट्या संघटनेचा कार्यकर्ता. पत्रकं लिहिणं माझ्याकडे. एक ताजं पत्रक मी तिला वाचून दाखवायला घेतलं. "दिव्यांग बंधुभगिनींनो" ऐकताच ती खेकसली, "काहून रे, मी तुही बहीन कवा झाली? आन् माह्यात दिव्य काय हाये? साधं लिव ना, बँकेचं ॲप चालत नाई म्हनून." माझ्या पत्रकांतली विशेषणं तेव्हापासून गळाली.

अकोटजवळ तिच्या भावाचा फुलमळा. घर भरलेलं, जेवण वेळेवर. तरी ते सोडून ती इथे एका खोलीत एकटी राहायची. कारण विचारलं तर म्हणाली, "भाऊ वाईट नाई. पन खात्यातून पैसे काढाचे म्हनलं, का इचारते, कायले पायजे? मले चप्पल पायजे असन, नाईतर काईच नको असन. दर खेपी त्याले काहून सांगू?" तिचा सगळा झगडा एवढाच होता. आमच्या मागणीपत्रात तो कधी इतका नेमका उतरला नाही.

ॲपमधली बिननावाची बटणं आम्ही मिळून पाठ केली. ज्या दिवशी तिनं कुणाच्या मदतीशिवाय शिल्लक ऐकली, त्या दिवशी ती बराच वेळ इयरफोन कानात तसाच ठेवून बसली. "किती निघाले?" मी विचारलं. "तुले काहून सांगू?" ती म्हणाली आणि खदखदून हसली. इयरफोन नसतानाही मोबाईलचा आवाज तिनं इतका भरधाव ठेवलेला असे की मला अक्षर कळत नसे. "तुले समजू नये म्हनूनच," ती म्हणाली. संध्याकाळी खोलीवर गेलो, तर काही काम नसतानाही तिचं बोट पडद्यावर फिरत असायचं. "दुसरं कोन बोलते इथं?"

मग ॲप नवं झालं. सुरक्षेसाठी म्हणे. आता आवाज सांगू लागला: चेहरा गोलात ठेवा, डोळे मिचकावा. मावशीनं मान हलवली, भुवया उचलल्या, शेवटी बोटांनी पापण्या ओढून पाहिल्या. ॲपची खात्री पटेना. समोर जिवंत माणूस आहे हे त्याला मान्यच नव्हतं.

आम्ही शाखेत गेलो. साहेब गोड बोलले. "घरच्या कोणाला तरी आणा मावशी. जॉइंट खातं करून घ्या. तुमचीच सोय आहे."

"माह्यी सोय मी पायली होती साहेब," ती म्हणाली. "तुमीच काढून घेतली."

मी ओरडलो, निवेदन दिलं. निवेदनावर पोच मिळाली, बाकी काही नाही. तिला आता पैशांसाठी शाखेत जावं लागे. तिथला क्लार्क अख्ख्या रांगेसमोर तिची शिल्लक मोठ्यानं वाची. वाईट हेतू नसे त्याचा. आंधळ्या बाईला ऐकूही कमी येतं, असा समज.

अखेर भाऊ न्यायला आला. एसटी स्टँडवर मी म्हणालो, "मावशी, थोडं थांबा. आम्ही लढून राहिलो ना."

"लढ बाबू. तुही लढाई लांबची हाये, आन् मले रोज फुलं घ्याले पैसे लागते." तिनं चाचपून माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि भावाच्या मागे गाडीत चढली.

बऱ्याच महिन्यांनी बँक नमली. डोळे न मिचकावता ओळख पटवायची सोय झाली, बटणांना नावं मिळाली. संघटनेत पेढे वाटले गेले. मी पेढा हातात तसाच धरून बाहेर आलो आणि पहिला फोन मावशीला लावला.

भावानं उचलला. बँकेच्या ॲपचं मावशीला सांगायचंय, मी म्हणालो. "तिले काय सांगाचं ते मले सांगा. फोन माह्यापाशीच असते आता. तिले कायले लागते?"

मागून तिचा आवाज आला, "कोन हाये रे?"

"बँकेचं हाये," तो मायेनं म्हणाला. "मी पायतो. तू जेव."