लोडिंगची चार मिनिटं

मी रागीट आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे तुम्ही माझ्याकडून भलत्या अपेक्षा कराल. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्यातली निम्मी ओरडण्यात घालवली. निवृत्त झाले तेव्हा ओरडायला घरात एकटे आमचे हे उरले, आणि ह्यांनी कानातलं यंत्र काढून ठेवायची युक्ती शोधून काढली. मुलगा पुण्याला नोकरीला गेला. जाताना टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल, दोन कंट्रोलर आणि मोटारींच्या शर्यतीची एक डिस्क मागे सोडून गेला. आमच्याकडे त्या कन्सोलला ‘डबा’ म्हणतात.

त्या डब्यामुळे माझी नणंद माझ्याशी बोलायला लागली. हसू नका, खरंच सांगतेय.

मी त्यांना वन्सं म्हणते. ह्यांची थोरली बहीण. आमच्या ह्या हिंदी बोलणाऱ्या शहरात त्या कंपू नावाच्या मोहल्ल्यात राहतात, आम्ही दर्पण कॉलनीत; अंतर काही फार नाही, पण नऊ वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर दोघी एकाच वेळी भिंतीकडे बघायचो. झालं होतं असं, की सासूबाई गेल्या त्यानंतर तिसऱ्या दिवशी, भरल्या घरात, सगळ्या पाहुण्यांसमोर वन्सं मला म्हणाल्या, “माझी आई जात होती आणि तुला मला एक फोन करवला नाही?” खरं काय होतं, तर फोन हातात घेतला होता मी, आणि सासूबाईंनीच माझं मनगट धरलं होतं. “तिला नको सांगूस. जावईबापू दवाखान्यात आहेत, ती त्यांना टाकून धावत येईल. मला काही होत नाही.” मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

आता गेलेल्या माणसाच्या नावावर खापर फोडायचं तरी कसं? म्हणून तेव्हा गप्प बसले. नंतर मात्र रागानं गप्प बसले. मनात म्हटलं, मला काय पडलीये? विचारायचं त्यांनी, सांगायचं मी. त्यांनी विचारलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. भावाला बघायला वन्सं आल्या. मुलगा तेव्हा सुट्टीवर आला होता. बैठकीत दोन बायका दोन टोकांना बसलेल्या, मधे पट्टी बांधलेला नवरा. मुलाला ते बघवेना. त्यानं दोघींच्या हातात एकेक कंट्रोलर कोंबला. “आत्या, चल न, एक रेस हो जाए. आई, तू पण.” वन्संनी जन्मात सायकलसुद्धा चालवलेली नाही. आणि पहिल्याच शर्यतीत त्यांनी मला हरवलं! माझी मोटार भिंतीला नाक घासत उभी, आणि ह्या बाई लाल गाडी घेऊन पार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षांत त्यांच्याशी पहिला शब्द मी बोलले तो हा: “पुन्हा!”

त्या दिवसापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी जेवणं झाली की वन्सं हजर. बोलावल्यावर येतील त्या वन्सं कुठल्या! “इकडे शिंप्याकडे काम होतं, म्हटलं डोकावू.” दोन वर्षं आठवड्यातून दोनदा त्यांचं शिंप्याकडे काम निघत होतं. मीही त्यांना “या” असं कधी म्हटलं नाही. दार उघडं ठेवायचे, एवढंच.

आता मुद्द्याची गोष्ट. डबा जुना. प्रत्येक शर्यतीआधी पडद्यावर एका रस्त्याचं चित्र यायचं आणि खाली एक पांढरी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायची. लोडिंग. चांगली चार मिनिटं. मुलगा त्या पट्टीला शिव्या घालायचा. आम्ही मात्र त्या चार मिनिटांत बोलायला लागलो. गाडी चालवताना वन्सं कुणाचं ऐकत नाहीत, जीभ दाताखाली धरून खेळतात. शर्यत संपली की हरलेली फुरंगटलेली. म्हणजे काय ते बोलणं लोडिंगमध्येच. सुरुवातीला नुसतं “उकडतंय.” “हो ना.” मग गुडघे. मग त्यांच्या लेकीचं सासर. एकदा त्यांनी त्यांच्या यजमानांच्या शेवटच्या महिन्यांचं सांगायला सुरुवात केली, ते तीन शर्यतींत पुरं झालं. समोरासमोर बसून त्यांना हे कधी सांगता आलं नसतं आणि मला ऐकता आलं नसतं. पट्टीकडे बघत बोललं की जमतं.

मला मात्र माझं बोलणं जमत नव्हतं. कितीदा सुरुवात केली, “वन्सं, आई गेल्या ना, त्याच्या आदल्या दिवशी...” आणि तोंडातून भलतंच निघायचं. “आदल्या दिवशी मी साबुदाणा भिजवला होता.” त्या म्हणायच्या, “बरं मग?” मग काय, कपाळ! शर्यत सुरू.

मागच्या नवरात्रात त्यांनी त्या पट्टीकडे बघतच सांगितलं, “दिवाळी झाली की इंदूरला जातेय. लेकीकडे. कायमचीच. एकटीनं नाही आता निभत.” मी “बरं” म्हटलं आणि त्या शर्यतीत तीन वेळा उलट्या दिशेनं गाडी नेली. आतल्या आत एकच हिशोब मांडला होता: दिवाळीपर्यंत मंगळवार किती, शुक्रवार किती. त्याच्या आत मला हे सांगायलाच हवं होतं. ह्या बाई मनात तो सल घेऊन इंदूरला गेल्या, तर तो माझ्या गळ्यात जन्मभर राहणार होता.

आणि मग खंडेनवमी आली.

आमचं घराणं शिलेदारांचं. तलवारी केव्हाच गेल्या, पूजा राहिली. ह्यांची पक्कड आणि टेस्टर, माझी कंपासपेटी, स्वयंपाकघरातली विळी, सगळं पाटावर मांडायचं. पूजा घरातल्या थोरल्या लेकीनं करायची ही आमच्याकडची पद्धत. वन्सं म्हणाल्या, “डबा कुठंय? दोन वर्षं लढतोय आपण त्याच्यावर, त्याची नको करायला?” मला इतकं पटलं की मीच उचलून आणला. वन्संनी त्याला पाणी शिंपडलं, हळदीकुंकवाची बोटं ओढली, अक्षता टाकल्या. जाळीच्या फटींतून त्या आत गेल्या. वर दूध-पाण्यात बुडवलेलं एक फूल. ह्यांनी आपले हात जोडले. इलेक्ट्रिकच्या खात्यात नोकरी केलेला माणूस, डोळ्यांदेखत हे चाललेलं, आणि हात जोडतोय!

दसऱ्याच्या दिवशी बटण दाबलं तर आतून एक फट्कन आवाज आला, धुराचा वास आला, आणि डबा गेला.

वन्संचा चेहरा पाहवेना. “माझ्यामुळे झालं.” मी म्हटलं, “आपल्या दोघींमुळे.” पण त्या पदर सावरत उठल्या. पुढच्या मंगळवारी शिंप्याकडे काम नव्हतं. शुक्रवारीही नव्हतं. मी दार उघडं ठेवून बसले, दोन कुत्री आत आली.

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “आई, नवीन घेऊन टाक यार. पण ध्यान से हं. एक मॉडेल आहे त्याला डिस्कचं तोंडच नाही, ते घेतलंस तर जुनी डिस्क लोणच्यात घाल. तोंडवालं घे. त्यात मागचे गेम चालतात.”

फूलबागेजवळच्या दुकानात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा, पोट काउंटरवर टेकवून उभा. तो मला नव्या नव्या गेमची चित्रं दाखवायला लागला. मी पिशवीतून मऊ फडक्यात गुंडाळलेली डिस्क काढली. कडेला हळदीचा पिवळा डाग होता, तो पुसून पुसून हात दुखले होते. “यह चलेगी क्या?” तो म्हणाला, “मॅडम, यह तो बहुत पुरानी है. इसका नया आ गया है, इससे बढ़िया.” नव्यात दोन जणी एका पडद्यावर खेळू शकतात का, विचारलं. नाही म्हणे. दोन घरांत दोन डबे, इंटरनेटवरून. मी म्हटलं, “भैया, दोन घरांत तर आम्ही नऊ वर्षं होतोच की!” त्याला काय कळणार मराठी, आणि कळली तरी काय कळणार. मी हट्ट धरला की इथेच लावून दाखवा. त्यानं लावली. डिस्क आत गेली, गुरगुरली, आणि पडद्यावर आमची शर्यत आली! मी दुकानात टाळी वाजवली. दुकानदार पाठीमागून सांगत होता की आतली जागा कमी पडली तर गेम साठवायला बाहेरून वेगळी हार्ड डिस्क जोडता येते, तीही घेऊन जा. मी म्हटलं, नको, मला एकच गेम खेळायचाय.

घरी येऊन वन्संना फोन केला. “जुनी डिस्क चालते.” त्या म्हणाल्या, “तशी मी उद्या शिंप्याकडे येणारच होते.”

आल्या. जुन्या डब्यात साठलेला खेळ गेला, त्याबरोबर त्यांची लाल गाडीही गेली होती, दोघींना पहिल्यापासून सुरुवात. त्याचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. मी पदर खोचला, मनाशी वाक्य पक्कं केलं, शर्यत निवडली, पट्टीकडे वळले, “वन्सं, आई...”

पट्टी आलीच नाही. एक, दोन, आणि धाड्कन शर्यत सुरू! पुढची तशीच. त्याच्या पुढची तशीच. मेला डबा श्वास घेऊ देईना. तासाभरात अकरा शर्यती झाल्या आणि आम्ही दोघी मिळून पाच वाक्यं बोललो नाही. वन्संनी घड्याळ पाहिलं. “आज लवकरच आटपलं गं.” आणि निघाल्या. मला नव्या डब्याचा इतका राग आला म्हणून सांगू! एवढं सगळं करून आणलेलं यंत्र, आणि त्यानं आमचा बोलायचा वेळच खाऊन टाकला.

मुलाला पुन्हा फोन. “ह्याला सावकाश करता येतं का?” तो हसायलाच लागला. “आई, दुनिया इसकी स्पीड के लिए मरती है! आतली मेमरी फास्ट आहे म्हणून पटकन होतं.” मी मास्तरीण आहे, बोलण्यातलं भोक बरोबर पकडते. आतली फास्ट, म्हणजे बाहेरची? “बाहेरची जुनी हार्ड डिस्क लावली तर जुने गेम त्यावरून चालतात, पण स्लो. नवे नाही चालत. का?” म्हटलं, तुझ्या कपाटातली ती काळी, वहीएवढी डिस्क, तिच्यात काय आहे? “कॉलेजचा कचरा. पण आई, लावलीस की डबा ती साफ पुसून घेतो हं, सोच ले.” मी विचार केलेला होता.

त्याच्या सांगण्याबरहुकूम मी गेम आतून उचलून बाहेरच्या डिस्कवर ठेवला. ह्यांनी कानात यंत्र घालून सगळं ऐकलं आणि विचारलं, “लोक जास्तीची जागा लावतात ती वेग वाढवायला. तू काय करतेयस?” मी सांगितलं. मनगटाची गोष्टही अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितली. ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत निघून गेले.

दिवाळीआधीचा शेवटचा शुक्रवार. वन्सं आल्या, मी शर्यत लावली, आणि ती आली! तीच पट्टी, सरकतेय न सरकतेय अशी. चार मिनिटं नव्हती, घड्याळ लावून पाहिलं होतं, जेमतेम दोन. वन्संनी सोफ्याला पाठ टेकली आणि सुस्कारा सोडला. “आज बरा चालतोय.”

मी एका दमात सांगून टाकलं. पट्टीकडे बघत. मनगट, जावईबापू, ‘तिला नको सांगूस’, सकाळ, सगळं. शेवटी म्हणाले, “मी फोन करायला हवा होता. त्यांचं ऐकायला नको होतं. चुकलं माझं.”

पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली.

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

“काय माहीत आहे?”

“हेच. मावशी होती ना तेव्हा खोलीत. तिनं तेराव्याला सांगितलं मला.”

मी पट्टीवरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं! “तेराव्याला? आणि तुम्ही अकरा वर्षं...”

“अगं, पण तोवर सगळ्यांसमोर बोलून बसले होते ना मी!” त्यांचा आवाज फाटला. “शब्द परत कसे घ्यायचे, मला नाही येत. तू कधीतरी भांडशील माझ्याशी, म्हणशील ‘वन्सं, खोटं बोललात’, म्हणजे मी लगेच माफी मागून मोकळी होईन, असं वाटायचं. तू इतकी रागीट. जगाशी भांडतेस. माझ्याशीच कशी नाही गं भांडलीस?”

शर्यत सुरू झाली होती. पडद्याच्या दोन्ही भागांत दोन मोटारी जागच्या जागी घुरघुरत उभ्या होत्या आणि बाकीच्या सगळ्या पुढे निघून गेल्या होत्या. माझे गाल ओले झाले होते आणि मला भयंकर राग आला होता. मी कंट्रोलर बाजूला ठेवला, वन्संकडे तोंड केलं आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं, खणखणीत आवाजात, भांडायला सुरुवात केली.