सोलां मागणारा घाऊक गिऱ्हाईक

ते प्रकरण आठवलं की आजही माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी लालबाग भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. तिथल्या चाळीतली एक बाई मालवणी मुलखातल्या आपल्या गावच्या आठ बायकांची आमसुलं ऑनलाइन विकायची. एकदा साइटवर घाऊक मागणी आली. मागणारा म्हणे दिल्लीकडच्या मोठ्या हॉटेलांचा खरेदी अधिकारी. सगळा माल घेतो, पण आजच होय म्हणा. बाईने काही न विचारता होय कळवलं आणि आठही जणींचा वर्षाचा माल रे रोडच्या गोदामात उतरवला. दुसऱ्या दिवशी गोदाम रिकामं, फोन बंद, हातात दमडी नाही.

ती तक्रार द्यायला आली, तर ठाणे अंमलदार तिलाच म्हणाला, "बाई, न बघता माल दिलात कशाला? हे दिवाणी प्रकरण आहे." मी त्याला सगळ्यांसमोर झापलं.

बाई म्हणाली, "साहेब, गावात बोलतायत, मीच विकून खाल्लं. गणपतीला कुठल्या तोंडाने जाऊ?"

फसवणुकीचा गुन्हा नोंदवून मी तिच्या मोबाइलवरचे मेसेज वाचायला घेतले. सगळी साहेबी थाटाची हिंदी. एका ठिकाणी मात्र होतं, 'सोलां गीली नहीं चाहिए.' दिल्लीचा माणूस कोकम म्हणेल. आमसुलांना सोलां म्हणणारा आमच्या मालवणी मुलखातला. माझी आई तेच म्हणायची. आपल्याच माणसाने आपल्या बायकांना लुबाडलं, याचा मला जास्त संताप आला.

खबऱ्यांना सांगितलं, आमसुलांचा धंदा करणारा मालवणी माणूस शोधा. तिसऱ्या दिवशी भायखळ्याच्या एका हमालाने खबर दिली, की आंबट वासाची पोती त्याने परळच्या एका मसालेवाल्याच्या पोटमाळ्यावर चढवली होती.

ठाण्यात आणलेला मसालेवाला तासभर हिंदीतच बोलत राहिला. "मैं कुछ नहीं जानता, साब."

मी मालवणीत त्याच्या आईचं विचारलं, "तुझी आवस सोलां सुकवायची मा रे?"

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "घाऊक गिऱ्हाईक इला की आमच्या बायका उलट प्रश्न इचारणत नाय, साहेब. म्हणान तिकाच धरलंय."

मी उठून बाहेर गेलो. आत थांबलो असतो तर हात उठला असता.

पंचांसमक्ष पोती जप्त केली आणि यथावकाश कोर्टाच्या आदेशाने बाईच्या ताब्यात दिली. तिने सही केली आणि विचारलं, "साहेब, मी चोर नाही असा एक कागद द्याल?"

आमच्याकडे आरोपीचा, पंचाचा, साक्षीदाराचा कागद असतो. असा कागद नसतो. म्हणून मी स्वतः आठही जणींना फोन लावले. सात जणींनी ऐकून घेतलं. आठवी म्हणाली, "पोलीस एवढे तिच्या बाजून कित्याक बोलतत?"

मुद्देमाल परत देता येतो, गेलेलं नाव देता येत नाही, हे मी इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर शिकलो. त्या वर्षी ती गणपतीला गावी गेली नाही.